शून्य आणि निरुत्तर

एका पाणीपुरवठा योजनेच्या कचेरीत माझ्यापुढे दोन कागद ठेवले गेले. पहिला पंप ऑपरेटरच्या हाताने लिहिलेल्या लॉगबुकातला होता : रात्री ११ वाजता मोठा पंप सुरू, पहाटे ५ वाजता बंद. दुसरा संगणकाने छापलेला दैनिक अहवाल होता. त्यात त्याच सहा तासांपुढे, प्रवाहाच्या रकान्यात, एकाखाली एक सहा शून्ये होती. एकाच रात्रीचे हे दोन जबाब. समितीने विश्वास ठेवला तो छापील कागदावर. पंप बंद ठेवून झोपा काढल्याबद्दल ऑपरेटरला नोटीस निघाली होती आणि पंधरा दिवसांत समाधानकारक खुलासा आला नाही, तर त्याला कामावरून कमी करायचे ठरले होते. योजनेच्या शेवटच्या गावाला पाणी पुरत नाही ही तक्रार जुनीच होती. अहवालाने तिला आयते कारण पुरवले.

योजना कोणती, हे मुद्दाम लिहीत नाही. त्याने काही साधणार नाही. गावात सगळे ज्यांना मामा म्हणतात ते ऑपरेटर पन्नाशी ओलांडलेले. ते मला एवढेच म्हणाले, "साहेब, मी झोपलो असतो तर टाकीत पाणी चढवलं कुणी?" अध्यक्षांचे उत्तर तयार होते : "संगणक कशाला खोटं बोलेल?"

संगणक खोटे बोलत नव्हता आणि मामाही बोलत नव्हते. तरी दोन कागद जुळत नव्हते. हे कसे होऊ शकते, याचा शोध घेताना जे हाती लागले ते या लेखात मांडतो आहे. आज पाण्याच्या योजनांपासून साखर कारखान्यांपर्यंत आणि दूध संकलन केंद्रापासून शीतगृहापर्यंत सगळीकडे एक यंत्र दुसऱ्या यंत्राला आकडा विचारते, आणि त्या आकड्यावर माणसांचे पगार, बिले आणि कधी कधी अब्रूही ठरते. तो आकडा ज्या दोन तारांवरून येतो, त्यांची ओळख आपल्याला असायला हवी.

एकेका बिटाची वाट

कारखान्यात किंवा पंपघरात जो छोटा नियंत्रक बसवलेला असतो त्याला पीएलसी म्हणतात. १९६८ च्या सुमारास अमेरिकेत मोटार कारखान्यांच्या गरजेतून हे यंत्र जन्माला आले. भिंतभर पसरलेल्या रिले आणि त्यांच्या वायरिंगच्या जागी, बदलता येईल असा प्रोग्राम चालवणारी एक पेटी. रिचर्ड मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 'मॉडिकॉन' कंपनीने केलेली ही पेटी त्या पहिल्या पिढीतली. या पेटीला प्रवाहमापक, वीजमापक, पातळीमापक अशा इतर उपकरणांकडून आकडे घ्यावे लागतात. त्यासाठी जो दरवाजा असतो तो सीरियल पोर्ट.

सीरियल म्हणजे ओळीने. एका अक्षराचे आठ बिट आठ तारांवरून एकदम न पाठवता एकाच तारेवरून एकामागून एक पाठवायचे. ही कल्पना संगणकाहून खूप जुनी, तारायंत्राच्या काळातली आहे. एमिल बोदो या फ्रेंच तारखात्यातल्या अभियंत्याने १८७४ मध्ये पाच बिटांच्या संकेतांवर चालणाऱ्या आपल्या तारयंत्राचे पेटंट घेतले. वेगाच्या एककाला आपण आजही 'बॉड' म्हणतो ते त्याच्याच नावावरून.

आता खरी अडचण बघा. पाठवणारा आणि घेणारा यांच्यात घड्याळाची वेगळी तार नसते. मग एक बिट संपून दुसरा सुरू झाला, हे घेणाऱ्याला कळणार कसे? टेलिप्रिंटरच्या काळात निघालेली युक्ती आजही चालू आहे. तार शांत असताना तिच्यावर सतत '१' ही स्थिती असते. अक्षर पाठवण्याआधी एक बिटभर ती '०' होते. हा स्टार्ट बिट. तो दिसला की घेणारा आपले घड्याळ सुरू करतो आणि पुढच्या प्रत्येक बिटाच्या बरोबर मध्यावर डोकावून किंमत टिपतो. शेवटी स्टॉप बिट येतो आणि तार पुन्हा शांत होते.

९६०० बॉड वेगाने एक बिट साधारण १०४ मायक्रोसेकंद टिकतो. स्टार्ट, आठ माहितीचे, एक पॅरिटीचा आणि एक स्टॉप असे ११ बिट धरले तर एका अक्षराला सुमारे १.१५ मिलिसेकंद लागतात. दोघांची घड्याळे थोडी मागेपुढे असली तरी चालते, कारण प्रत्येक अक्षराला ती नव्याने जुळतात. पण शेवटच्या बिटापर्यंत फरक अर्ध्या बिटाच्या पुढे गेला तर वाचन चुकते. दहा-अकरा बिटांत अर्धा बिट म्हणजे दोघांत मिळून पाच टक्क्यांच्या आतलीच सवलत. एकीकडे ९६०० आणि दुसरीकडे १९२०० असेल तर 'थोडेफार' कळेल अशी आशा करण्यात अर्थ नाही.

म्हणून वेग, माहितीचे बिट, पॅरिटी आणि स्टॉप बिट या चार गोष्टी दोन्ही टोकांना तंतोतंत सारख्या हव्यात. पैकी एक चुकली तरी उपकरण बहुधा चुकीचे उत्तर देत नाही, ते काहीच बोलत नाही. न कळलेल्या प्रश्नाला गप्प राहावे, हीच त्याची शिकवण असते. त्यामुळे समोरून शांतता आली म्हणजे तार तुटली, असे समजायची घाई करू नये.

दोन जातींचे दरवाजे

सीरियल पोर्ट प्रामुख्याने दोन जातींचे भेटतात. पहिला आरएस-२३२. हे मानक १९६० मधले. नऊ पिनांचा जो कनेक्टर जुन्या संगणकांच्या पाठीमागे असे, तो याचा. वजनकाटे, दूध संकलन केंद्रातली फॅट मोजणारी यंत्रे, छोटे प्रिंटर यांना तो आजही असतो. यात पाठवायची तार वेगळी, घ्यायची वेगळी आणि दोन्हींना एकच ग्राउंड. उणे ३ ते उणे १५ व्होल्ट म्हणजे '१' आणि अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट म्हणजे '०'.

यातला नेहमीचा घोटाळा हा की दोन्ही उपकरणांच्या पाठवायच्या तारा एकमेकींना जोडल्या जातात. मग दोघेही बोलतात आणि ऐकणारा कोणीच नसतो. हे ओळखायला भारी यंत्र लागत नाही. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळे टोक पाच नंबरच्या ग्राउंड पिनेला आणि लाल टोक आधी दोनला, मग तीनला लावा. जिच्यावर स्वस्थ स्थितीत उणे पाच ते उणे बारा व्होल्ट दिसतील ती पाठवणारी. संगणकाच्या बाजूचा पोर्ट धड आहे का, हे बघायचे असेल तर दोन आणि तीन या पिना तारेच्या तुकड्याने एकमेकींना जोडा आणि काहीही टाइप करून पाठवा. पाठवलेले तेच परत आले तर पोर्ट, ड्रायव्हर, प्रोग्राम सगळे ठीक. दोष पुढे आहे.

आरएस-२३२ चे अंतर साधारण १५ मीटर. पंपघर ते प्रवाहमापक एवढ्यात भागत नाही. तिथे येतो आरएस-४८५, १९८३ चे मानक. यात ए आणि बी अशा एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारा असतात. ग्राउंडच्या तुलनेत तारेवर किती व्होल्ट आहेत, याला इथे महत्त्व नाही. ए आणि बी यांच्यातला फरक कोणत्या दिशेने आहे एवढेच बघितले जाते. होडीत दोन माणसे उभी आहेत असे समजा. लाटेने होडी वरखाली होते, दोघेही वरखाली होतात, पण दोघांत उंच कोण हे बदलत नाही. बाहेरचा विजेचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच बसतो आणि वजाबाकीत उडून जातो. फरक २०० मिलिव्होल्टपेक्षा अधिक असला की घेणाऱ्याने तो ओळखलाच पाहिजे, असे मानक सांगते. म्हणून हा पोर्ट १२०० मीटरपर्यंत, आणि एकाच जोडीवर ३२ प्रमाण उपकरणे घेऊन, काम करू शकतो.

होडीच्या उदाहरणाला मर्यादा आहे. लाट फारच मोठी आली तर होडीच उलटते. दोन्ही टोकांच्या ग्राउंडमधला फरक उणे ७ ते अधिक १२ व्होल्ट या मर्यादेबाहेर गेला की घेणारी चिप गोंधळते किंवा जळते. 'आरएस-४८५ ला दोनच तारा लागतात' हे अर्धसत्य आहे. सामाईक ग्राउंडची तिसरी तार हवी.

आणखी एक गंमत. ए कोणती आणि बी कोणती, यावर उत्पादकांचेच एकमत नाही. मानकातली खूण आणि बऱ्याच चिप बनवणाऱ्यांची खूण एकमेकींच्या उलट आहे. त्यामुळे ए ला ए आणि बी ला बी जोडूनही संवाद होत नाही असे घडते. तारा उलटसुलट लावून बघितल्याने काही जळत नाही. दोन मिनिटांचे काम आहे, ते आधी करावे.

प्रश्नोत्तराचे व्याकरण

तारा विजेचे काम करतात. त्यांच्यावर बोलायची भाषा वेगळी. उद्योगात सर्वांत पसरलेली भाषा मॉडबस. तीही मॉडिकॉनचीच, १९७९ ची. पंचेचाळीस वर्षांनंतरही ती टिकली, कारण ती अतिशय साधी आहे. एकच जण प्रश्न विचारतो. बाकीचे, आपले नाव घेतले तरच, उत्तर देतात. वर्गात मास्तर हजेरी घेतात तसेच.

पीएलसीने मीटरला विचारलेला एक प्रश्न असा दिसतो : ०१ ०३ ०० ०० ०० ०२ सी४ ०बी. पहिला ०१ म्हणजे उपकरणाचा क्रमांक. ०३ म्हणजे 'रजिस्टर वाचून दाखव'. पुढचे दोन बाइट कुठून सुरू करायचे ते सांगतात आणि त्यापुढचे दोन, किती रजिस्टरे वाचायची ते. शेवटचे सी४ ०बी ही सीआरसी नावाची पडताळणी. आधीच्या सहा बाइटांवरून गणित करून ती काढलेली असते. ऐकणारा तेच गणित पुन्हा करतो आणि जुळले नाही तर अख्खा निरोप टाकून देतो. निरोप संपला हे कळायला साडेतीन अक्षरांइतकी शांतता लागते. ९६०० वर ती सुमारे चार मिलिसेकंद होते.

यातून बिघाडाचे तीन प्रकार पडतात आणि हे तीन वेगळे ओळखता आले की अर्धे काम झाले. पहिला प्रकार, नकार. उपकरण उत्तर देते, पण ०३ च्या जागी ८३ पाठवते आणि पुढे कारणाचा आकडा. कारण ०२ असेल तर 'हे रजिस्टर माझ्याकडे नाही'. हा नकार म्हणजे आनंदाची बातमी समजावी. तारा, वेग, पॅरिटी, क्रमांक सगळे बरोबर आहे आणि फक्त पत्ता चुकला आहे. माहितीपुस्तकात ४०००१ लिहिलेले रजिस्टर तारेवर शून्य क्रमांकाने मागायचे असते. या एकाच्या फरकाने कित्येकांचे दिवस वाया गेले आहेत.

दुसरा प्रकार, उत्तर येते पण आकडा विचित्र असतो. प्रवाहासारखा अपूर्णांकी आकडा दोन रजिस्टरांत मावतो. त्यातले आधी कोणते आणि मग कोणते, यावर पुन्हा एकमत नाही. क्रम उलटा धरला की ताशी १८० घनमीटरच्या जागी भलताच आकडा येतो. तारांना हात लावायची गरज नाही. दोष वाचण्याच्या क्रमात आहे.

तिसरा प्रकार, शांतता. सर्वांत अवघड हाच, कारण शांततेची कारणे असंख्य. आमच्या योजनेत हाच होता, आणि तोही अर्धवेळ. दिवसा संवाद ठीक, रात्री तुटलेला.

मामांचा शेवटचा रकाना

मी जाण्याआधी योजनेवर दोघे येऊन गेले होते. पॅनल बसवणाऱ्याने दोष मीटरवर टाकला. मीटर विकणाऱ्याने पॅनलवर टाकला. शेवटी समितीने खर्च करून नवा मीटर बसवला. शून्ये तशीच राहिली.

मामांच्या लॉगबुकात शेवटी एक रकाना होता, जो कोणी वाचत नसे. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला आणि शेवटी मीटरच्या पडद्यावरचा एकूण आकडा ते उतरवून ठेवत. कोणी सांगितले म्हणून नव्हे. जुन्या योजनेवर होते तेव्हाची सवय. प्रवाहमापकात दोन आकडे असतात. या घडीला पाणी किती वेगाने जाते हा एक, आणि बसवल्यापासून आजवर एकूण किती गेले हा दुसरा. दुसरा फक्त वाढतो. तारेवरचा संवाद तुटला तरी मीटर आपली मोजणी थांबवत नाही.

त्या रात्रीची वजाबाकी केली. ११ ते ५ या सहा तासांत १,०६८ घनमीटर. पंपाची क्षमता ताशी १८० घनमीटर, म्हणजे सहा तासांचे १,०८०. हिशेब जुळत होता. 'हे आकडे त्यांनीच लिहिले आहेत' अशी शंका आली, तेव्हा मी अध्यक्षांना म्हटले, "अण्णा, लॉगबुक बाजूला ठेवा. मीटरच्या पडद्यावरचा आजचा एकूण आकडा स्वतः वाचा आणि मीटर बसवल्यापासूनच्या छापील अहवालांची बेरीज करा." त्यांनी केली. पडद्यावरचा आकडा बराच मोठा भरला. जे पाणी अहवालात नव्हते ते नळातून गेले होते.

आता प्रश्न उरला तो तारांचा.

माझी फसगत

सांगायला संकोच वाटतो, पण पहिल्या दिवशी मी चुकलो. पीएलसी उत्तराची वाट फक्त २०० मिलिसेकंद बघते असे दिसले. मला वाटले, मीटर हळू आहे. मी ती मुदत एक सेकंद केली. त्या रात्री एकही शून्य आले नाही. मी स्वतःची पाठ थोपटून घेतली आणि घरी आलो. दुसऱ्या रात्री पुन्हा शून्ये. विचारल्यावर कळले की पहिल्या रात्री ग्रंथी गळत होती म्हणून मोठा पंप बंद होता आणि लहान पंपावर काम भागवले होते.

ही फसगत मला उपयोगी पडली. एक म्हणजे, दोष गेला असे म्हणण्याआधी दोष येण्याची परिस्थिती खरोखर हजर होती का, हे विचारले पाहिजे. आणि दुसरे, कारणाचा माग तिथेच लागला. दोष रात्रीशी नव्हे, मोठ्या पंपाशी बांधलेला होता. लहान पंप साध्या स्टार्टरवर चाले. मोठा पंप व्हीएफडीवर, म्हणजे मोटरचा वेग कमीजास्त करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रावर. व्हीएफडी विजेची सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करते. तिची मोटरकडे जाणारी केबल म्हणजे गोंगाटाचा झराच. चरावरचे झाकण काढून बघितले, तर तीच केबल आणि आमची दोन तारांची बारीक केबल जवळजवळ शंभर मीटर एकाच चरात, अंगाला अंग लावून चालल्या होत्या.

साठ मिलिव्होल्ट

केबल हलवली की झाले, असे कोणीही म्हणेल. पण पीळ दिलेल्या तारा असा गोंगाट वजाबाकीत उडवतात, असे मीच वर लिहिले आहे. मग इथे का उडाला नाही? मोजल्याशिवाय कळणार नव्हते.

सगळ्यांचा वीजपुरवठा बंद करून ए आणि बी यांच्यात रोध मोजला. मानकाप्रमाणे तारेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोधक हवा, म्हणजे मोजमाप साठच्या आसपास यायला हवे. आले ११५ च्या आसपास. एका टोकाचा रोधक नव्हताच. (चाळीसच्या आसपास आले असते तर कोणीतरी तिसरा लावला आहे, असे समजले असते. हे मोजमाप अर्ध्या मिनिटाचे आहे आणि फार काही सांगून जाते.) मी दुसरा रोधक लावला. परिस्थिती सुधारेल असे वाटले होते, ती बिघडली. आता लहान पंपावरही उत्तरे चुकू लागली.

इथे मी वही घेऊन बसलो. टोकाचा रोधक लागतो तो संकेताचा प्रतिध्वनी शोषायला. तारेत संकेत मायक्रोसेकंदाला साधारण २०० मीटर जातो. आमची केबल ३०० मीटरच्या आत, म्हणजे जाऊन येऊन तीन मायक्रोसेकंद. आमचा बिट मात्र १०४ मायक्रोसेकंदांचा आणि त्याच्या मध्यावर, म्हणजे ५२ व्या मायक्रोसेकंदाला, वाचन होते. तोवर प्रतिध्वनी केव्हाच विरलेला असतो. म्हणजे एवढ्या कमी वेगाला रोधक नसणे हा मुळी आमचा दोषच नव्हता.

मग लावल्याने बिघडले का? आरएस-४८५ वर एका वेळी एकच जण बोलतो. एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत मधल्या क्षणी तार कोणाच्याच ताब्यात नसते. त्या वेळी ती '१' या स्थितीत राहावी म्हणून तिला हलकासा ओढ देणारे रोधक लागतात, ज्यांना बायस म्हणतात. पीएलसीच्या माहितीपुस्तकात बघितले, तर आत प्रत्येकी ४.७ किलोओहमचे दोन रोधक होते. पाच व्होल्टच्या पुरवठ्यावर, मध्ये एक १२० ओहमचा रोधक आणि पाच उपकरणांचा भार असताना, ए-बी फरक येतो सुमारे ६० मिलिव्होल्ट. दुसरा रोधक लावल्यावर तो तीसच्या आसपास घसरतो. पीएलसीचे विचारणे थांबवून मल्टिमीटरने मोजले, तर कागदावरचे आकडे तारेवर उतरलेले दिसले. हवे होते २०० च्या वर.

आता सगळा उलगडा झाला. शांततेच्या त्या क्षणी तार अधांतरी असे. लहान पंपावर गोंगाट नसल्याने ते खपून जाई. व्हीएफडी सुरू झाली की गोंगाटातला एखादा झटका घेणाऱ्याला स्टार्ट बिट वाटे आणि तो एक खोटे अक्षर टिपून घेई. त्याला चिकटून मीटरचे खरे उत्तर येई, पण निरोपाच्या आरंभी उपरे अक्षर असल्याने सीआरसी जुळत नसे आणि अख्खे उत्तर कचऱ्यात जाई. लॅपटॉपला कन्व्हर्टर लावून तारेवरचे संभाषण चोरून ऐकले, तेव्हा उत्तराच्या पुढ्यात बहुधा एफएफ असे एक उपरे बाइट बसलेले दिसले. (असे ऐकताना कन्व्हर्टरमधले स्वतःचे रोधक आधी बंद करावेत. नाहीतर लॅपटॉप जोडताच दोष नाहीसा होतो आणि काढताच परत येतो. मग माणूस भुताखेतांवर विश्वास ठेवू लागतो.)

मीटर बोलत होता. पीएलसीला ऐकू येत नव्हते.

दुरुस्ती एकेक करून केली, म्हणजे कशाने किती फरक पडला ते कळावे. आधी पीएलसीच्या टोकाला ५६० ओहमचे दोन बायस रोधक लावले. शांत तारेवरचा फरक २७० मिलिव्होल्टच्या आसपास गेला आणि मोठ्या पंपावरही बहुतेक उत्तरे येऊ लागली. टोकांचे दोन्ही रोधक तसेच ठेवले. उद्या कोणी वेग वाढवला तर ते लागतील. मग केबल मोटरच्या केबलपासून दूर, वेगळ्या पाइपातून नेली. जिथे ओलांडणे भाग होते तिथे काटकोनात ओलांडली. केबलवरची जाळी दोन्ही टोकांना दोन वेगळ्या अर्थिंगला बांधलेली होती, त्यामुळे तिच्यातून सतत करंट वाहत होता. मीटरकडचे टोक सोडून टेप लावली. केबलमधली एक मोकळी तार सामाईक ग्राउंडसाठी वापरली. सर्व मिळून लागलेले सामान काही शे रुपयांचे. पाइप आणि खणाई तेवढी वेगळी.

शून्य आणि निरुत्तर

तारा बऱ्या झाल्या, पण मला सलत होती ती गोष्ट निराळीच. उत्तर मिळाले नाही तर अहवालात शून्य का छापले जावे?

पीएलसीच्या प्रोग्राममध्ये एक ओळ सापडली. तिचा मराठीत अर्थ असा : उत्तर न आल्यास प्रवाह शून्य समजावा. लिहिणाऱ्याच्या मनात वाईट काही नसणार. काहीतरी आकडा ठेवायला हवा म्हणून त्याने शून्य ठेवला. पण 'पाणी वाहत नाही' हे विधान आहे आणि 'मला माहीत नाही' हे विधान नसल्याची कबुली आहे. त्या एका ओळीने कबुलीचे विधान केले आणि छापील रकान्यात उतरताच त्या विधानाचा आरोप झाला.

काही जण याच्या उलट करतात, म्हणजे शेवटचा चांगला आकडा तसाच धरून ठेवतात. तेही तितकेच फसवे. पंप बंद पडला तरी पडद्यावर १८० दिसत राहतात आणि टाकी रिकामी होईपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही.

योग्य मार्ग कठीण नाही. प्रत्येक आकड्याबरोबर तो विश्वासार्ह आहे की नाही, याची एक खूण ठेवावी. उत्तर नसेल तर अहवालात 'संपर्क नाही' असे शब्दांत छापावे. शेवटचे खरे उत्तर किती वाजता आले ते लिहावे. दर तासाला किती प्रश्न विचारले आणि किती अनुत्तरित राहिले ते मोजावे, कारण संवाद पूर्ण तुटण्याच्या बऱ्याच आधी हा आकडा वाढू लागतो. आणि पाण्याचा किंवा विजेचा हिशेब क्षणाच्या वेगांची बेरीज करून कधीही काढू नये. मीटरच्या एकूण आकड्यांची वजाबाकी करावी, म्हणजे मध्ये संपर्क तुटला तरी हिशेब बुडत नाही. पॅनल बसवणाऱ्याने हे बदल अर्ध्या दिवसात करून दिले. त्याला कोणी आधी विचारलेच नव्हते.

नोटीस मागे घेतली गेली. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट नंतर घडली. पंपघरातून पाणी पुरेसे निघते हे सिद्ध झाल्यावर, मग शेवटच्या गावाला ते पोहोचत का नाही, हा प्रश्न पहिल्यांदा नीट विचारला गेला. समितीची माणसे ऊर्ध्ववाहिनीच्या कडेने चालत गेली आणि ओढ्याकाठी एक वॉशआउट व्हॉल्व्ह गळताना सापडला. पाणी थेट ओढ्यात जात असल्याने ते कोणाच्या नजरेस आले नव्हते. जोवर अहवालातली शून्ये खरी मानली जात होती तोवर त्या व्हॉल्व्हकडे जायचे कोणाला कारणच नव्हते. दोषी आधीच सापडला होता ना!

मी या विषयात शिकलो ते माहितीपुस्तके वाचून आणि चुका करून. कोणत्याही पंपघराच्या, डेअरीच्या किंवा कारखान्याच्या छापील अहवालात शून्य दिसले, की मी आता एकच विचारतो : हे मोजलेले शून्य आहे, की उत्तर न आल्यामुळे पडलेले? हा प्रश्न विचारायला तंत्रज्ञ असावे लागत नाही. समितीच्या सभासदाने, ग्राहकाने, ज्याच्यावर ठपका आला आहे त्या कामगारानेही तो विचारावा आणि उत्तर मिळेपर्यंत सही करू नये.

मामा अजून त्याच योजनेवर आहेत. अहवाल आता बरोबर येतो. लॉगबुकातला शेवटचा रकाना मात्र ते अजूनही भरतात, आणि महिन्याच्या शेवटी अध्यक्ष तो वाचून त्याखाली सही करतात.